पासपोर्ट बदलला म्हणजे देश सोडला का?

संसदेच्या जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात कुणीतरी खासदार एक प्रश्न विचारतोच: मागच्या वर्षी किती भारतीयांनी नागरिकत्व सोडलं? परराष्ट्र मंत्रालय लेखी उत्तर देतं. २०२२ साली २,२५,६२० जणांनी सोडलं, २०२३ साली २,१६,२१९ जणांनी. दुसऱ्या दिवशी ‘दोन लाखांनी देश सोडला’ असा मथळा येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांत त्यावर चर्चा रंगते, कारण आता प्रत्येक मोठ्या गावातलं कुणी ना कुणी पुण्यामार्गे न्यूजर्सीला, टोरांटोला नाहीतर मेलबर्नला पोचलेलं आहे. निकालही ठरलेला असतो: “तो आते तठलाच व्हई गया.” म्हणजे, तो आता तिकडचाच झाला.

मथळ्यात घोळ आहे. हे लोक त्या वर्षी देश सोडून गेलेले नसतात. गेलेले असतात बरीच वर्षं आधी. त्या वर्षी फक्त कागद बदललेला असतो. देशात राहणं, देशाचा नागरिक असणं आणि देश आपला वाटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आयकर खातं मोजतं, दुसरी गृह मंत्रालय बघतं, तिसरी कुणालाच मोजता येत नाही. म्हणूनच बहुधा तिच्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं.

## एनआरआय वेगळा, ओसीआय वेगळा

गावात दोघांनाही ‘एनआरआय’च म्हणतात, पण कायद्याच्या नजरेत दोघांत मोठा फरक आहे.

एनआरआय म्हणजे अनिवासी भारतीय. पासपोर्ट भारताचा, राहणं बाहेर. तो पूर्ण भारतीय नागरिक असतो. आपला आयकर नागरिकत्वावर नाही, राहण्यावर ठरतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिलात तर निवासी; बाकी काही पोटनियम आहेत, ते इथे सोडून देऊ. अनिवासी माणसाला फक्त भारतातल्या कमाईवर इथे कर लागतो. अमेरिकेचं उलटं आहे. तिचा नागरिक जगात कुठेही राहो, त्याला तिथला हिशेब द्यावाच लागतो.

ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. हे कार्ड मिळतं ते मूळ भारतीय, पण आता दुसऱ्या देशाचा नागरिक असलेल्या माणसाला. ही योजना २००६ साली सुरू झाली. त्याआधीपासून चालत आलेलं पीआयओ, म्हणजे ‘पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन’ कार्ड २०१५ मध्ये तिच्यातच विलीन केलं. कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे आणि सोबत काही सवलती: कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, घर घ्या, दुकान घ्या. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, घटनात्मक पद नाही, सरकारी नोकरीही साधारणपणे नाही. स्वतः, आईबाप, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कुणी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशाचं नागरिक असेल किंवा पूर्वी राहिलेलं असेल, तर हे कार्डही मिळत नाही.

## आखाजीला येणारी लेक

आपल्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गाणी होतात. लग्नानंतर तिचं नाव बापाच्या रेशन कार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतं, मतदारयादीही बदलते. पण बापाच्या शेतात तिचा वारसाहक्क राहतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तर तो मुलाच्या बरोबरीचा आहे. रेशन कार्डावरून नाव कमी झालं म्हणून तिला माहेराची माया राहिली नाही, असं म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू.

ओसीआयवाल्याची स्थिती बरीचशी अशी आहे. रेशन कार्डावरून, म्हणजे देशाच्या कारभारातून नाव गेलं, वारसा राहिला, येणंजाणं राहिलं. तुलना अर्थात शेवटपर्यंत ताणता येत नाही. सासर आणि माहेर एकाच राज्यघटनेखाली असतात; दोन देश उद्या एकमेकांसमोर उभे राहू शकतात. कायद्याला ती काळजी असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही.

## दोन्ही पासपोर्ट का ठेवू देत नाहीत?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात. जर्मनीनेही जून २०२४ पासून ती मुभा दिली. भारत देत नाही. चीन, जपान, सिंगापूरही देत नाहीत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ मध्येच आहे की ज्याने स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व घेतलं, तो भारताचा नागरिक राहणार नाही. पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ ने तेच पक्कं केलं. त्यामागे फाळणी आहे. लाखो माणसं सीमेच्या इकडून तिकडे जात होती, काही परत येत होती. कोण कुठलं हे ठरवल्याशिवाय नव्या देशाची मतदारयादीसुद्धा तयार होत नव्हती. अशा वेळी ‘एक माणूस, एक देश’ ही रेघ ओढणं भाग होतं.

याचा एक परिणाम लोकांना ठाऊक नसतो. परदेशी नागरिकत्व घेतल्याक्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, वेगळा राजीनामा द्यायचा नसतो. जुना भारतीय पासपोर्ट मात्र वकिलातीत जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो, आणि ओसीआयच्या अर्जाला तो दाखला लागतो. ‘राहू दे कपाटात, कुणाला कळतंय’ म्हणून दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, आणि वापरला तर दंडही जबर बसतो.

## मग बदलतात तरी कशाला?

पगार, मुलांचं शिक्षण, दर वेळी व्हिसाच्या रांगा नकोत, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा तात्पुरत्या व्हिसावरचं आयुष्य किती टांगलेलं असतं ते गावाकडच्या आईबापांनाही दिसलं. पण एक कारण असं आहे की ते ऐकल्यावर पारावरचा निकाल थोडा तरी डगमगावा.

ग्रीन कार्ड हा अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे. तो ‘राहण्याचा’ आहे, ही त्याची अट. ग्रीन कार्डवाला आधी परवानगी न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिला, तर त्याने तिथलं घर सोडलं असं धरलं जाऊ शकतं. आता समजा, यावल तालुक्यातल्या एका माणसाचे वडील अंथरुणाला खिळले. त्याला इथे येऊन दीड वर्ष राहायचंय. ग्रीन कार्डावर ते धोक्याचं. अमेरिकेचा नागरिक झाला आणि ओसीआय कार्ड घेतलं, तर तो इथे वाटेल तितके दिवस राहू शकतो आणि हवं तेव्हा बायकापोरांकडे परतू शकतो. म्हणजे घरी जास्त राहता यावं म्हणून तो परदेशी होतो! आईवडिलांना तिकडे कायमचं न्यायचं असेल तरी अर्ज नागरिकालाच करता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही.

सगळेच याच कारणाने बदलतात असा माझा दावा नाही. पण पासपोर्टाच्या रंगावरून मन ओळखणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. उलट बाजूही बघा. आखाती देशांत पंचवीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं भारतीयच राहतात, कारण ते देश बाहेरच्यांना सहसा नागरिकत्व देतच नाहीत. दुबईवाला जास्त देशभक्त आणि न्यूजर्सीवाला कमी, असं त्यातून निघत नाही. एकाला दार होतं, दुसऱ्याला नव्हतं.

## शेताचं काय?

खान्देशात हा विषय निघाला की खरा प्रश्न शेवटी इथेच येतो. सातबाऱ्यावर नाव राहील का?

वारसाने आलेली शेतजमीन राहते. नागरिकत्व बदललं म्हणून वारसाहक्क जात नाही. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज होतो, फेरफार होतो, परदेशातल्या मुलाचं किंवा मुलीचं नावही इतर वारसांसोबत लागतं. नव्याने शेतजमीन विकत घेणं मात्र बंद. हे फक्त ओसीआयला लागू आहे असं लोक समजतात, पण परकीय चलनाच्या नियमांनुसार भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसालाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. कुणी बक्षीसपत्राने देऊ म्हटलं, तरी चालत नाही. सदनिका, दुकान, गाळा खुशाल घ्यावा.

समजा, रावेरकडे दोन भाऊ आहेत. थोरला केळी करतो, धाकटा कॅनडाचा नागरिक. वडिलांची आठ एकर दोघांच्या नावावर चढली. धाकट्याला आपला वाटा विकायचाय, तर घेणारा भारतात राहणारा हवा, आणि महाराष्ट्राच्या कुळकायद्यानुसार तो शेतकरीही हवा. शिकागोतल्या मावसभावाला तो वाटा विकता येणार नाही. पैसे त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी माणसाच्या रुपयातल्या खात्यात जमा होतील आणि कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतील. आठ एकरांच्या वाट्याला ही मर्यादा आड येणार नाही, एवढं नक्की! थोरल्याच्या नावे हक्कसोड करायची असेल तर दस्त नोंदवावा लागतो. धाकटा येऊ शकत नसेल तर त्याने भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवायचं. इथे एक फालतू वाटणारी गोष्ट महिनोन्‌महिने खाते: सातबाऱ्यावर ‘रघुनाथ’ आणि पासपोर्टवर ‘रघुनाथराव’. ते आधी जुळवून घ्यावं.

पीएम-किसानचे हप्ते अनिवासी भारतीयाला मिळत नाहीत, हेही जाता जाता सांगून ठेवतो. बांधावर पाय न ठेवता हप्ता उचलणारे निघतात, आणि वसुली आली की ओरड गावातल्या भावाची होते.

शेतजमिनीचा हा नियम मला योग्य वाटतो. डॉलरने भाव ठरायला लागला तर केळीच्या पट्ट्यात इथे राबणाऱ्याला एक एकरही परवडणार नाही. परत येऊन इथेच राहू लागलेला भारतीय नागरिक मात्र निवासी ठरतो, आणि तो शेतकरी असेल तर पुन्हा जमीन घेऊ शकतो. कायदा इथे माणसाची जात-गोत किंवा भावना विचारत नाही, तो राहतो कुठे एवढंच बघतो.

## मत कुणाचं?

भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसाला मताचा हक्क आहे. २०१० च्या दुरुस्तीने तो मिळाला. फॉर्म ६-अ भरला की पासपोर्टवर जिथला पत्ता आहे त्या मतदारसंघात नाव लागतं. पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत मत देऊ द्यावं, अशा हालचाली झाल्या. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक लोकसभेत मंजूरही झालं होतं, पण पुढे ते बारगळलं.

विमानाचं तिकीट काढून चोपड्याला मत द्यायला कोण येणार, असं म्हणून या हक्काची थट्टा होते. मला ती अट फारशी जाचक वाटत नाही. लांब बसून दिलेल्या मताचे परिणाम मत देणाऱ्याला भोगावे लागत नाहीत. कापसाचा भाव पडला, नळाला आठ दिवस पाणी आलं नाही, तर सोसणारा इथला. परदेशातून समाजमाध्यमांवर इथल्या निवडणुकीबद्दल सगळ्यात तावातावाने लिहिणारे पुष्कळदा असे असतात की ज्यांना त्या निकालाची झळ लागायची नसते. या तावाला देशप्रेम म्हणायला मी तरी तयार नाही. इकडच्या सत्तेवर जरा टीका केली की ‘तू कोण आम्हाला सांगणारा, तू तर पळून गेलास’ हेही तितकंच उथळ. टीका खरी की खोटी ते बघावं.

## “पण त्यांनी दुसऱ्या देशाची शपथ घेतली ना?”

घेतली. अमेरिकेच्या शपथेत इतर देशांवरची निष्ठा सोडतो असे शब्द आहेत. कॅनडात राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. हे हलकं नाही, आणि ‘ते काय, नुसते शब्द’ असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ज्या देशात राहता, कर भरता, ज्याच्या रस्त्यांवरून पोरं शाळेत जातात, त्या देशाशी इमान राखणं ही साधी सचोटी आहे. तिथे प्रामाणिक असणं म्हणजे इथली गद्दारी होत नाही.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज सरकारमुळे परत येणं शक्य नव्हतं, तेव्हा ते मेक्सिकोत गेले. तिथे शेतकी शिकवली, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. उमेदीची वर्षं त्यांनी मेक्सिकोच्या मातीत घातली. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्यांना मेक्सिकोचं प्रेम होतं की भारताचं, हा प्रश्नच खुळा आहे.

आणि बाहेर राहून आलेला माणूस परका होतो असं म्हणायचं, तर आपल्याच फैजपूरकडे बघा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, ज्यांचं शाळा-कॉलेजचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालेलं. नंदुरबारच्या शिरीषकुमारने १९४२ साली गोळ्या झेलल्या, तेव्हा त्याच्या ओठांवरची घोषणा गुजरातीत होती: ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’. खान्देशाने त्या पोराला कधी परका म्हटलं नाही.

## “पैसे पाठवतात, ते पुरे नाही का?”

परदेशातून येणाऱ्या पैशात भारत जगात पहिला आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ साली हा आकडा १२९ अब्ज डॉलरच्या आसपास होता. देशाला परकीय चलन मिळतं, घरांना आधार मिळतो. पण आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे पाठवणं हे आईचं प्रेम आहे. त्याला देशभक्तीचा बिल्ला लावायची गरज नाही, आणि न पाठवणाऱ्याला देशद्रोही म्हणायचीही नाही. डिसेंबरात येऊन केळीच्या बागेत भरीत पार्टी करून फोटो टाकणं, हेही छानच. भरीत कुणाला नको असतं? तो आठवणींचा आनंद आहे, आणि आठवणी त्या वर्षातल्या गावाच्या असतात ज्या वर्षी आपण गाव सोडलं.

## परत आल्यावर

बाहेर पंधरा वर्षं काढून परतलेल्या माणसाची पहिली तक्रार असते, “इथे काहीच बदललं नाही.” दुसरी, आठवड्याभरात: “सगळंच बदललं.” दोन्ही खरं असतं. कचरा, हॉर्न, ‘उद्या या’ हे तसंच. पण ज्याच्याशी विटीदांडू खेळला त्याने आता ठिबक बसवलंय, टिश्यू कल्चरची केळी लावलीय, त्याची पोरगी पुण्यात नोकरी करते, आणि परत आलेल्याच्या सल्ल्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही. हे लागतं मनाला. देशावर प्रेम असूनही आपण इथले वाटत नाही, ते या ठिकाणी.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत एकवीस वर्षं काढून ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईला उतरले. त्या दिवसाची आठवण म्हणून प्रवासी भारतीय दिवस पाळला जातो. गोखल्यांनी त्यांना सांगितलं होतं, वर्षभर देश फिरून बघ, जाहीर मत देऊ नकोस. त्यांनी ते बऱ्यापैकी पाळलं. परतलेल्या प्रत्येकाने, निदान आमच्याकडे येणाऱ्याने, हे करून बघायला हरकत नाही. विकास सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा, बँकेच्या रांगेत उभे राहा, ग्रामसभेत शेवटपर्यंत थांबा. ओसीआयवाला ग्रामसभेत बसू शकतो, हात वर करू शकत नाही. तिथे मतदारयादीतल्या माणसालाच मत आहे.

ज्याला तो हात परत हवाय, त्याला रस्ता आहे. पाच वर्षं ओसीआय कार्डधारक असलेला आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेला माणूस पुन्हा नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. मिळताना परदेशाचं सोडावं लागतं. अशा बातमीचा मथळा मात्र क्वचितच दिसतो.

## पोरांचं काय?

आईबापांचे प्रश्न निदान आठवणींचे असतात. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला ‘परत ये’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण तो कुठून गेलेलाच नाही. जन्माच्या वेळी आईबापांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल आणि जन्माची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत केली, तर मूल वंशाने भारतीय नागरिक होऊ शकतं. त्यासाठी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. बहुतेक जण सोयीसाठी अमेरिकेचा पासपोर्ट आणि सोबत ओसीआय असंच करतात. भारतीय नोंद केलेल्या मुलाला दुसरं नागरिकत्वही असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते दुसरं सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व जातं. ही मुदत बऱ्याच घरांना ती उलटून गेल्यावर कळते. तेव्हा पोरगं सतरा वर्षांचं झालं की त्याला समोर बसवून दोन्ही बाजूंचे कागद दाखवावेत आणि त्यालाच ठरवू द्यावं.